आज्याची रेघ

निवडणुका जवळ आल्या की तलासरीच्या पुढे हायवेवर नाकाबंदी लागते. अशाच एका सकाळी पोलिसांनी आमची गाडी बाजूला घेतली आणि माझ्या मांडीवरची लाकडी पेटी उघडायला लावली. आत काळा फोम, फोममध्ये खाचा आणि खाचांमध्ये अंगठ्याच्या पेराएवढे चकचकीत तुकडे. प्रत्येकाच्या पोटात सोन्याचा मुलामा दिलेली बारीक पिन. हवालदाराने एक उचलायला हात पुढे केला आणि मी ओरडले, "हात नका लावू!"

झालं! पुढचा अर्धा तास आम्ही रस्त्याच्या कडेला. "सोनं नाही म्हणता, मग एवढं जपता कशाला?" हा त्याचा प्रश्न. मी कागद दाखवले, ओळखपत्र दाखवलं, ऑफिसला फोन लावून दिला. शेवटी त्याने सोडलं, पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं. मला निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मला आधी तो हवालदार आठवला. त्याला तेव्हा धड उत्तर देता आलं नव्हतं, ते आता देते.

मी कॅलिब्रेशनचं काम करायचे. नोकरी बोईसरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत, घर आशागडला, आणि निम्मं आयुष्य फिरतीवर. दुकानदाराचा काटा तपासायला वजनमापवाले येतात ना, तसंच माझं. फक्त मी तपासायचे तो काटा म्हणजे नेटवर्क अ‍ॅनालायझर. हे नाव ऐकलं की लोकांना मोबाइलचं नेटवर्क आठवतं. लग्नाकार्यात कित्येकांनी मला कोपऱ्यात घेऊन, आमच्या माजघरात रेंज का येत नाही, असं विचारलेलं आहे. मी पहिली काही वर्षं समजावून सांगायचे, नंतर खिडकीत उभे राहा म्हणून मोकळी व्हायचे.

हे यंत्र करतं काय? माठ विकत घेताना आपण बोटाने वाजवून बघतो आणि आवाजावरून ओळखतो, तेच करतं. अँटेनात किंवा केबलमध्ये एक बारीक लहर सोडतं आणि त्यातली किती परत आली ते ऐकतं. चांगला अँटेना लहर हवेत सोडून देतो, परत फारसं काही येत नाही. वाईट अँटेना बरीचशी परत धाडतो. पण 'काहीच परत आलं नाही' म्हणजे नेमकं काय, हे यंत्राला आपलं आपण ठाऊक नसतं. ते शिकवावं लागतं, आणि त्यासाठी ते पेटीतले तुकडे. दोन तुकडे सगळी लहर परत पाठवणारे, आणि तिसरा सगळी गिळून टाकणारा. या तिसऱ्याला आम्ही लोड म्हणतो. त्याच्या पोटात पन्नास ओहमचा रोधक असतो, तेवढंच त्याचं भांडवल. हे तिन्ही एकामागून एक लावून दाखवले की यंत्र मुकाट्याने ऐकून घेतं. त्याला स्वतःचं मत नसतं. लोड खरा असेल तर यंत्र खरं बोलतं. लोड बिघडलेला असेल तर यंत्र त्यालाच प्रमाण मानतं आणि बाकी सगळ्यांना नावं ठेवतं. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

माझं माहेर वरोर. वडील डाय बनवायचे, म्हणजे दागिने ज्यावर ठोकून उमटवतात ते पोलादी ठसे. आमच्या किनाऱ्याला अनेक घरांत हे काम चालतं. डोळ्याला भिंग लावून वडील दिवसभर खाली मान घालून कोरत बसायचे. ठशात केसाएवढी चूक राहिली तर ती त्यावरून निघणाऱ्या प्रत्येक दागिन्यात उतरते, म्हणून काम संपल्यावर ते ठसा शेजारच्या कारागिराकडे बघायला पाठवायचे. "आपल्या डोळ्याला आपली चूक दिसत नाय," म्हणायचे. त्यांचं भिंग मी वापरलं, पिना वाकल्यात का ते बघायला. शेजाऱ्याकडे पाठवायची त्यांची सवय मात्र मी घेतली नाही. मला कुणी तपासावं हे मला कधी रुचलं नाही. माझी जीभही तिखट. कनेक्टरला कुणी बोट लावलं, टेबलावर चहा ठेवला, पाना सोडून पकडीने घट्ट केलं की मी समोरचा मालक आहे की शिपाई हे बघत नसे.

तलासरीला अँटेना बनवणारी एक शेड होती. मासेमारीच्या बोटींवर वायरलेस सेट असतो, त्याला लागणारे लांब पांढरे अँटेना तिथे तयार व्हायचे. मालक हसमुखभाई, मनाने सरळ, पण देवभोळे. दसऱ्याला शेडमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. एका वर्षी दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला, मशीन काहीच्या बाही दाखवतंय. जाऊन भिंग लावलं तर अ‍ॅनालायझरच्या तोंडात, पिनेच्या भोवती, कुंकू!

मी समोर उभ्या असलेल्या बाईवर खेकसले. ती मंजुळा. गंजाडच्या एका पाड्यावरून यायची, तिशी ओलांडलेली, बारीक अंगकाठीची. शेडमधला प्रत्येक अँटेना शेवटी तिच्या हातून तपासून जायचा. अँटेनाच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो. परत येणारी लहर जेवढी कमी, तेवढी पडद्यावरची रेघ खाली. स्क्रू फिरवत फिरवत ती रेघ जिथे खोल खाली जायला हवी तिथे आणायची, हे तिचं काम. शाळा दहावीपर्यंत, पण बोटं अशी की मला हेवा वाटावा.

"मी मशीनच्या तोंडाला टोपी घातली व्हती, मॅडम," ती हळूच म्हणाली. "शेटनी काढून लावलं."

हसमुखभाई हसले. "बेन, टोपीला कंकू लावलं तर मशीनला कसं पोचेल?"

मी स्पिरिटने कुंकू पुसलं, यंत्र पुन्हा शिकवलं आणि मंजुळाला रागावले त्याबद्दल चकार शब्द न बोलता निघून आले. आता लिहिताना ध्यानात येतंय की पुढचं सगळं त्या दिवशीच सुरू झालं होतं. ती खरं बोलते हे मी पाहिलं होतं, पण नोंद घेतली नाही.

खरी गोष्ट त्यानंतरच्या पावसाळ्यातली. मासेमारीची बंदी उठायला आठवडा राहिला होता, म्हणजे वरोरच्या किनाऱ्यावर बोटींची डागडुजी जोरात. सोमवारी मला तलासरीच्या शेडचं वार्षिक कॅलिब्रेशन करायचं होतं, म्हणून पेटी घेऊनच रविवारी माहेरी गेले. तिथे काशिनाथमामांनी गाठलं. हे आमच्या आळीतले जुने नाखवा, नात्याने मामा नव्हेत, पण मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं.

"बाय, तू वायरलेसचा काम करते ना? माझा सेट बघ जरा. मी बोलतो ता कोनाला जातच नाय."

मी वायरलेस दुरुस्त करत नाही, हे मी गावात शंभरदा सांगितलेलं. पण माहेरच्या माणसाला नाही म्हणायचं कसं? बोटीवर चढले. दोष सेटचा की अँटेनाचा हे ओळखायची सोपी रीत आहे: अँटेना काढायचा, त्याच्या जागी लोड लावायचा आणि शेजारच्या बोटीवर आवाज येतो का बघायचं; लोडने गिळली तरी जराशी लहर निसटतेच, शेजाऱ्याला तेवढी पुरते. यासाठी वेगळा जाडजूड लोड असतो, तापला तरी चालणारा. माझ्याकडे होता तो पेटीतला, पेराएवढा, लहरीचा नुसता शिंतोडा सोसणारा. तो अशा कामाला लावू नये हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नवशिक्या कुणी लावला असता तर मी त्याची सालपटं काढली असती. पण सेटला कमी आणि जास्त ताकदीचं बटण असतं. कमीवर ठेवू, दोनच सेकंद, असं मनाशी म्हटलं. बटणावरची अक्षरं खाऱ्या हवेने पुसली गेली होती. हेच कमीचं असणार म्हणून मी एक दाबलं.

"मामा, माइक दाबा आणि नुसतं हॅलो म्हणा."

मामांनी माइक दाबला आणि सवयीप्रमाणे सुरूच झाले. बोटीचं नाव, स्वतःचं नाव, पोराचं नाव, वारा कुठला, कालवण कसलं. "बस, बस!" म्हणेपर्यंत चांगलं अर्धं मिनिट गेलं. शेजारच्या बोटीवर आवाज खणखणीत आला. म्हणजे सेट ठीक, अँटेना गेलेला. मी लोड काढला. हाताला गरम लागला, पण ऊन होतंच. फडक्यात पुसून पेटीत ठेवला.

"नवीन अँटेना तलासरीचा घ्या," मी मामांना सांगितलं. "तिथलं मशीन मी स्वतः तपासते. डोळे झाकून घ्या."

सोमवारी सकाळी मी शेडमध्ये. पेटी उघडली, अ‍ॅनालायझरला माझे तिन्ही तुकडे दाखवले आणि काम बरोबर झालं का ते बघायला माझाच लोड पुन्हा लावला. रेघ सरळ तळाला, बघत राहावी अशी. मग शेडचा स्वतःचा लोड, जो मंजुळा रोज वापरायची, तो लावला. रेघ पार वर! लोड बाद झालेला.

"याला पकड कुणी लावली?" मी विचारलं.

"नाय लावली, मॅडम. हातानी बसवते, मग तुमी दिलेला पाना."

"मग आपोआप बिघडला?"

"सकाळी आज्यावर बरोबर व्हता," ती म्हणाली.

आजा कोण, हे मी विचारलं नाही. माझ्या पेटीत खात्रीसाठी आणखी एक तुकडा असतो. मूळ तिघांवर संशय आला तर निवाडा करणारा. तो त्याच्या खाचेतून मी काढलासुद्धा नाही. पंचवीस वर्षांत माझा लोड चुकला नव्हता, आणि समोर बोलत होती ती गंजाडची एक कामगार. हे असं लिहायला लाज वाटते, पण मनात हेच होतं. शेडच्या लोडला मी 'नापास'ची लाल चिठ्ठी बांधली आणि रीतीप्रमाणे आमच्या कपाटात ठेवायला घेतला. काम अडू नये म्हणून माझा लोड त्यांना दिला: नवा येईपर्यंत हा वापरा. जाताना हसमुखभाईंना सांगितलं, "तुमच्या तपासणीच्या बाईला जरा जपून हाताळायला सांगा." प्रमाणपत्रावर सही केली आणि चार वाजता घरी पोचले. माझी बोईसरची कामं प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या संचावर चालू राहिली.

दीड महिन्याने एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. आधी माहेरी गेले असताना काशिनाथमामा भेटले. नेहमीसारखे हसले नाहीत. नव्या अँटेनावर आवाज जुन्यापेक्षा बरा जातो, पण लांब जात नाही, म्हणाले. गेल्या आठवड्यात भर समुद्रात इंजिन बंद पडलं, हाक मारत राहिले, कुणाला ऐकू गेली नाही. दुपारभर बोट नुसती हलत राहिली. शेवटी लांबून जाणाऱ्या एका बोटीला कापड हलवून दाखवलं तेव्हा सुटका झाली.

"मिस्त्रीने बसवताना चूक केली असेल," मी म्हटलं.

"असंल," मामा म्हणाले.

दोन दिवसांनी हसमुखभाईंचा फोन. अँटेनांची खोकीच्या खोकी परत येत होती. बंदरावरच्या मिस्त्रींच्या मीटरवर एकही बसत नव्हता. "बेन, सगळा माल तो मंजुळाच्या हातचा छे. तुम्ही येऊन फक्त लिहून द्या, मशीन बरोबर आहे. मग मी तिला काढतो. कागद वगर, असंच काढली तर युनियनवाले ऐकणार नाय."

मी हो म्हटलं. मशीन बरोबर होतंच, मी स्वतः तपासलं होतं.

शेडमध्ये गेले तेव्हा मंजुळा तिच्या टेबलाशी उभी होती. टेबल रिकामं. तिला दोन दिवस काम दिलेलं नव्हतं, तरी ती रोज येऊन उभी राहत होती. चारोटीपर्यंत टमटम, पुढे कंपनीची गाडी, आणि दिवसभर उभी. मी पेन काढलं. हसमुखभाईंनी कोरा कागद पुढे सरकवला.

"मॅडम," मंजुळा म्हणाली, "लिवायच्या आधी आजा बघा."

"काय आहे हा आजा?" मी वैतागून विचारलं.

तिने टेबलाखालून जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला एक अँटेना काढला. पिवळा पडलेला, जुन्या बनावटीचा. शेड सुरू झाली तेव्हा बनलेला पहिला अँटेना, म्हणून त्याचं नाव आजा. तो कधी विकला गेला नव्हता. मंजुळा रोज सकाळी काम सुरू करण्याआधी आजा यंत्राला लावायची आणि पडद्यावर दिसणारी रेघ चौकटीच्या वहीत पेन्सिलने काढायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

"कशाला काढतेस रोज?" मी विचारलं.

"आजा बदलत नाय ना. तो तर पडून ऱ्हातो. मग रेघ बदलली तं मशीन बदललं."

मी पेन खाली ठेवलं. आमच्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत हीच गोष्ट करतात. त्याला भारदस्त नाव आहे, त्यावर व्याख्यानं होतात, आणि मी ती अनेकांना ऐकवलेली आहेत. इथे एका बाईने ती स्वतःच्या डोक्याने शोधून वर्षानुवर्षं केली होती आणि मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

वही उघडली. पानामागून पान, रोजची तारीख, रोजची रेघ. मधोमध खोल उतरणारी, विहिरीत डोकावल्यासारखी. महिनोन् महिने एकसारखी. पावसाळ्यातल्या एका सोमवारी सकाळीसुद्धा तशीच. आणि मंगळवारी विहीर उथळ झालेली, त्या दिवसापासून पुढे रोज उथळ. त्या सोमवारी शेडमध्ये बाहेरचं एकच माणूस येऊन गेलं होतं.

"शेटना दाखवलं मी," मंजुळा म्हणाली. "त्ये बोलले, आजा म्हातारा झाला. मॅडमची सही हाय भितीवर."

माझं प्रमाणपत्र खरोखरच भिंतीवर होतं, फ्रेम करून, देवाच्या फोटोशेजारी.

मी माझा लोड घेतला, त्याला एक जोड लावला आणि साधा मीटर धरला. रस्त्यावरचा रेडिओवालाही वापरतो तो. पन्नास यायला हवे होते. मीटरने ब्याण्णव दाखवले. मी पुन्हा धरला. ब्याण्णव. तेव्हा मला वरोरचं ऊन आठवलं, आणि हातातला तो गरम तुकडा, आणि अर्धं मिनिट बोलणारे काशिनाथमामा. मी दाबलेलं बटण जास्त ताकदीचं होतं. माझा लोड त्या दिवशी भाजला होता. दुसऱ्या दिवशी मी त्या भाजलेल्या लोडवरून यंत्राला शिकवलं, त्याच लोडने माझी खात्री करून घेतली आणि मंजुळाच्या चांगल्या लोडला लाल चिठ्ठी बांधली. त्यानंतर तिने इमानाने एकेक अँटेना माझ्या चुकीबरहुकूम जुळवला होता. स्क्रू फिरवणारी बोटं तिची, चूक माझी.

हसमुखभाईंना मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, मंजुळाच्या समोर. ते खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "बेन, असं लिहू नका. तमारूं नाम खराब थशे. लिहा, वीज वरखाली झाली, मशीन बिघडली. मशीनला काय, ती थोडी नाराज होणार? मंजुळाला पण मी ठेवतो. बधा राजी, सगळे खूश."

मला मोह झाला. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, आणि मंजुळाची नोकरी वाचतच होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती वही मिटून तिच्यावर हात ठेवून उभी होती. डोळ्यांत विनवणी नव्हती, रागही नव्हता. नुसती बघत होती, पडद्यावरची रेघ बघावी तशी. आणि दुसरं म्हणजे, मशीन बिघडलं असं मोघम लिहिलं तर कधीपासून ते सांगावं लागलं नसतं. मग न परतलेले अँटेना तसेच बोटींवर राहिले असते, मामांच्यासारखे.

मी कागद घेतला. माझ्या लोडची चूक, ती कशी झाली, कोणत्या तारखेपासूनचा माल अविश्वसनीय, आणि तपासनीस मंजुळा यांच्या नोंदींमुळे ती उघडकीस आली, असं लिहिलं. प्रमाणपत्र रद्द केल्याचं लिहिलं. सही केली. मग भिंतीवरची फ्रेम मी स्वतः काढली.

पुढचं थोडक्यात. प्रयोगशाळेत मला लेखी ताकीद मिळाली आणि वर्षभर बाहेरचं काम बंद झालं. योग्यच होतं. माझ्या हाताखालच्या ज्या पोरापोरींना मी कधी चूक माफ केली नव्हती, त्यांच्या समोर मी वर्षभर खाली मान घालून टेबलाशी बसले. हसमुखभाईंनी कुरकुर करत पण सगळा माल परत मागवला, आणि मंजुळाने एकेक अँटेना पुन्हा जुळवला. काशिनाथमामांचा मी स्वतः घेऊन गेले आणि बसवून होईतो बोटीवर थांबले. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते जाळं विणता विणता म्हणाले, "तुझा ता गट्टू तापलेला मना दिसला व्हता, बाय. फडक्यान् धरलास तवाच."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

"तू येवढी शिकलेली. तुला मी काय सांगू?"

माझ्यापुढे बोलायची मामा आणि मंजुळा, दोघांनाही भीती वाटावी असं मी वागत आले होते, एवढं मला कळलं.

या सगळ्याच्या आधी, कागद लिहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी, लाल चिठ्ठीचा लोड मी कपाटातून काढून शेडमध्ये परत नेला. मंजुळाच्या हातात दिला तर तिने घेतला नाही. "चिठ्ठी तुमीच काढा," म्हणाली. मी तिच्यासमोर दोरा सोडला. मग मी तिची माफी मागितली, नीट, शब्दांत. ती संकोचून दुसरीकडे बघू लागली आणि लोड यंत्राला लावून आज्याची रेघ काढायला बसली. विहीर पुन्हा खोल झाली होती.

वर्ष सरल्यावर मला पुन्हा फिरती मिळाली आणि तलासरीची शेड मीच मागून घेतली. निवृत्तीआधीची माझी शेवटची भेट तिथलीच. नवी पेटी होती, नवा लोड होता, त्याचे सगळे कागद होते. मी टेबलावर पेटी ठेवली, हात पुसले आणि यंत्राचं तोंड उघडायला गेले. मंजुळाने मधेच हात आडवा धरला.

"थांबा, मॅडम. आधी तुमचा बघते."

शेडमधले दोघे-तिघे कामगार वळून बघू लागले. हसमुखभाईंनी डोळे मिचकावले. पूर्वीची मी असते तर काय बोलले असते, कुणास ठाऊक. मी पेटी उलट दिशेला फिरवली, तिच्या बाजूला केली आणि मागे सरून स्टुलावर बसले. तिने माझ्या तुकड्यांनी यंत्राला शिकवलं, धडप्यातून आजा काढला, पाना घेऊन अलगद बसवला, आणि वहीतली कालची रेघ समोर ठेवून आजची काढायला घेतली. पेन्सिल सावकाश चालली होती. मला माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा एवढी धाकधूक झाली नव्हती.

रेघ पुरी झाली. तिने वही खिडकीकडे धरून दोन्ही रेघा ताडून पाहिल्या. मग पानाच्या खाली तारीख घातली, तारखेपुढे 'मॅडमचा लोड' असं लिहिलं आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.

"चालंल," ती म्हणाली. "करा सुरू."